सरकार बुडेल हो!

“सरकारवर तुम्ही सत्तावीस वर्षं चढताय?” साहेबांनी कागदावरून मान वर केली.

“हो साहेब. दर रविवारी,” टेलर म्हणाला.

शाळेच्या हॉलमध्ये नव्या जलाशयाची सुनावणी चालली होती. हरकती ऐकायला आलेले साहेब सकाळपासून कंटाळले होते, पण हा कागद हातात आला आणि ते चक्क ताठ बसले. त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं.

“‘जलाशय झाल्यास सरकार पूर्ण बुडेल. सरकार सुरुवातीला सोपं वाटतं, पण मध्यावर गेल्यावर धरायला काही देत नाही. भल्याभल्यांना सरकारनं तोंडघशी पाडलं आहे. तरी कृपया सरकार वाचवावं.’ अहो, ही हरकत आहे की धमकी?”

हॉल खदखदून हसला. टेलरच्या मागे बसलेल्या वायरमननं कपाळावर हात मारला. कातळ चढणाऱ्या दहा-बारा जणांच्या टोळक्यात वयानं मोठा म्हणून अर्ज टेलरला लिहायला दिला होता. मापात कधी सूतभर चूक न करणारा हा माणूस, पण कातळावरची नावं बाहेरच्यांना ठाऊक नसतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

“साहेब, सरकार म्हणजे ते सरकार नव्हे,” टेलर घाईनं म्हणाला. “नदीकाठी आमचा कातळ आहे. त्यावर चढायच्या चाळीस वाटा आहेत. जो पहिला चढतो, तो वाटेला नाव ठेवतो. ही वाट माझी. तिचं नाव सरकार.”

“पण सरकारच का?”

झालं! आता आली का पंचाईत? दुसऱ्या रांगेत टेलरची बायको बसली होती. येताना दुकानाला कुलूप तिनंच लावलं होतं, आणि “तिथे त-त-प-प करू नका” असं बजावलंही होतं. टेलरचे कान लाल झाले.

“घरी मी हिला सरकार म्हणतो,” तो कसाबसा म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती उभी राहिली.

“म्हणजे सत्तावीस वर्षं तुम्ही तिथे जाऊन मला नावं ठेवत होतात?”

“नावं नाही गं, नाव. एकच ठेवलं.”

“आणि धरायला काही देत नाही म्हणे!”

“पुढचंही लिहायचं होतं, पण कागद संपला. वर पोचल्यावर इतकं बरं वाटतं की खाली यावंसंच वाटत नाही.”

ती धपकन खाली बसली आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली. साहेबांनाही हसू आवरेना. डोळे पुसून त्यांनी नकाशा पुढे ओढला. त्या जागी छापलं होतं, ‘उघडा खडक. वापर नाही.’ त्यांनी ‘वापर नाही’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘वापर : सत्तावीस वर्षं.’

“पाण्याची उंची मी ठरवत नाही,” ते म्हणाले. “निर्णय सहा महिन्यांनी वरून येईल. माझ्या हातात होतं तेवढं केलं.”

टेलरला तेवढंही डोंगराएवढं वाटलं. वाटेत त्यानं वायरमनच्या पाठीत दोन धपाटे घातले, उगाचच, आनंदानं.

रविवारी बायको म्हणाली, “चला, बघू तरी मी कशी दिसते ती.”

कातळापाशी पोचल्यावर तिनं आधी मान वर करून पाहिलं. खूप उंचावर, माथ्याच्या जरा खाली, मोजणीवाल्यांनी लाल पट्टा मारला होता. पाणी तिथवर येणार होतं. टेलरला वाटलं, आपली एवढी लाडकी जागा आपण हिला दाखवली कधी, तर आत्ता!

“सुरुवात कुठून करता?” तिनं विचारलं.

त्यानं खांद्याच्या उंचीवरची एक खाच दाखवली. सगळा कातळ खरबरीत होता, तेवढी खाच मात्र गुळगुळीत झाली होती.

“ही कुणी घासली?”

“कुणी नाही. माझ्याच हातानं झाली.”

तिनं बोटं खाचेत घातली. बोटं बरोबर बसली आणि तिथेच राहिली.

वायरमननं दोर आवळून हाक दिली, “काका, चढताय ना? ऊन वाढतंय!”

“थांब रे जरा,” टेलर म्हणाला. “सरकारनं अजून हात सोडला नाही.”