शंकेची पेटी

संग्रहालयातल्या कीटक विभागाची ताई एकदा हट्टाला पेटली की कुणाचंच ऐकत नसे, आणि या वेळी तर गाठ सख्ख्या वडिलांशी होती. चाळीस वर्षांपूर्वी अण्णांनी याच विभागात बसून डोंगरमाथ्यावरचा काळ्या पोटाचा सिकाडा, म्हणजे झाडावर बसून किर्र गाणारा किडा, नदीकाठच्या केशरी सिकाडापासून वेगळा काढला, नवी प्रजाती म्हणून जाहीर केला आणि तिला बायकोचं नाव दिलं. आता ती प्रजाती खरी की नाही, हे ताईला सोमवारी लिहून द्यायचं होतं.

वरवर सगळं चोख होतं. एका खणात काळे, दुसऱ्यात केशरी, मधलं कुणीच नाही. असणार कसं? जो किडा धड इकडचा वाटेना ना तिकडचा, तो अण्णांच्या शिस्तीप्रमाणे शंकेच्या पेटीत जायचा. ताईनेही कित्येक टाकले होते. तिला स्वतःचाच राग आला. तिने पेटी उपसली, मधल्या उतारावरून नवे किडे आणले आणि असे एकशे चाळीस, टाचण्यांसकट, काळ्यापासून केशरीपर्यंत एका ओळीत मांडले. मग अण्णांना गाडीत घालून घेऊन आली.

"आधी या मधल्या उतारावरच्या किड्याचं टेप केलेलं गाणं ऐका. सुरुवात काळ्यासारखी, शेवट केशरीसारखा."

"इतका बारीक आवाज मला ऐकू येतो का आता?" अण्णा खेकसले. "भिंग दे."

"घ्या. ओळ कुठे तोडायची ते दाखवा. तिथे तोडते."

अण्णा टेबलाच्या कडेने सरकू लागले. चाळिसाव्यापाशी बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. राहू द्या, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने टेबलावरचा दिवा त्यांच्या बोटाजवळ सरकवला. शेवटच्या किड्यापाशी अण्णा भिंग ठेवून खुर्चीत बसले.

"सर्रास मिसळतात गं. दोन नाहीतच."

"नाहीत."

"सगळे उन्हाळे मी त्या डोंगरावर काढले. तू झालीस तेव्हाही तिथेच होतो. तुझ्या आईने चकार शब्द काढला नाही. हे नाव म्हणजे माझी माफी होती. तोंडाने कधी जमलंच नाही."

"तरी खोडावं लागेल, अण्णा."

"नको कोण म्हणतंय? पण तू नाही खोडायचं." त्यांनी खणावरची चिठ्ठी काढली, पेन मागून घेतलं आणि बायकोच्या नावावर सरळ रेघ ओढली. मग काठी शोधत उठले.

"आई घरीच आहे ना आत्ता?"

"आहे की. का?"

"मग सोड मला घरी. आता तोंडानेच मागायला हवी."