गुरुजींची खुर्ची

जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खोलीची शाळा होती, अन् तिथं शिकवणारे दोघं: एक जित्या अन्नपूर्णाबाई, दुसरे मेलेले भगवंतराव गुरुजी. हसू नका, पोरांना विचारा!

भगवंतराव बाईंचे यजमान. ते गेले, तेव्हा सातवी पास म्हणून बाईंना त्यांच्या जागी घेतलं, पण ट्रेनिंग कुठलं? मग पोस्टानं पाठ येऊ लागले. पाठात लिहिलेलं, ‘पृथ्वीगोल दाखवावा.’ डोंबलाचा पृथ्वीगोल! बाईंनी वेलावरचं कोहळं उचललं. शेवटी तपासणीचे साहेब येऊन वर्ग बघणार होते. नापास झाल्या की नोकरी गेली.

खुर्ची मात्र गुरुजींचीच राहिली. पोरं आधी तिला नमस्कार करायची. बाई उभ्यानंच शिकवायच्या, अन् खडू उचलण्याआधी खुर्चीला विचारायच्या, “घेऊ का जी?” रिकामी खुर्ची करकरायची. पोरांच्या अंगावर काटा यायचा, बाईंना धीर यायचा.

साहेब आले, खुर्चीत बसू लागले. पोरं ओरडली, “बसू नका जी, गुरुजी बसले हायेत!” साहेब मुकाट्यानं दाराशी पेटीवर टेकले. पाठ संपल्यावर म्हणाले, “बाई, पोरं उत्तर देताना खुर्चीकडे बघतात. शिकवतं कोण इथं? असा पाठ पास होत नसतो. दुपारी एकदाच पुन्हा घ्या.”

मधल्या सुट्टीत बाई खुर्चीपुढं उभ्या राहिल्या. गेल्यापासून ते घरी कधी आलेच नव्हते, भेटायचे ते इथंच. “तुमाले उठा कसं म्हनू?”

दुपारी पोरांनी हात जोडले, तोच बाई म्हणाल्या, “थांबा.” पदर सावरून त्या खुर्चीकडे वळल्या. “उठा जी. वर्ग आता माहा हाये.”

खुर्ची करकरली. दारातलं ऊन क्षणभर झाकलं गेलं. साहेबांनी नकळत पाय आखडून वाट दिली.

बाईंनी कोहळं उचलून उन्हात धरलं. “रात काऊन होते, सांगा बरं?” सगळी पोरं त्यांच्याकडेच बघत होती.

साहेब पास करून गेले. शाळा सुटल्यावर बाई पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या.

“अवो, पास झाली मी,” त्या म्हणाल्या. मागंपुढं हलून पाहिलं, हातांवर जोर देऊन पाहिलं. खुर्ची करकरली नाही.