व्हायोलिनमधली ती

माणसाने माणसावर जळावं, हे समजू शकतं. शेजारणीच्या नव्या पडद्यांवर जळावं, तेही एक वेळ चालून जाईल. पण सतरा वर्षांच्या धडधाकट मुलीने एका लाकडी खोक्यावर जळावं, याला काय म्हणायचं? ठिणगी जळत होती. तेही थोडंथोडकं नाही, तळपायाची आग मस्तकात जाईल इतकं.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. रागावली की कानांपर्यंत लाल व्हायची, म्हणून बाबा तसं म्हणायचे, आणि मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. बाबांचं व्हायोलिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. खोलीत कोमट पाण्यात दिवसभर बसलेलं सरसाचं भांडं, भिंतीवर ओळीने टांगलेली व्हायोलिनं, आणि माणसांसकट सगळ्यावर लाकडाचा भुगा. गेल्या वर्षी ठिणगी दुसऱ्या गावच्या मोठ्या संगीतशाळेच्या परीक्षेला बसली होती. सत्तर जणांतून सहा घेतात. तिला घेतलं नाही. घरी आल्यावर तिने आपलं व्हायोलिन पेटीत घातलं, पेटी कपाटावर टाकली आणि गुपचूप बाबांच्या शेजारी कामाला बसली. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडण तरी झालं असतं.

यंदा त्याच परीक्षेला लंबू बसणार होता. लंबू म्हणजे चाव्या बनवणाऱ्याचा मुलगा, तिच्याच वयाचा. रोज संध्याकाळी तो दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा, लांब पाय कुठे ठेवावेत ते न कळून दोनदा काहीतरी पाडायचा आणि मग वाजवायचा. ठिणगीला तो आवडायचा. किती आवडायचा ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच नाही. वाजवायचा तो ठीकठाक. अधूनमधून घसरायचा, ताल सुटायचा. याला काही घेत नाहीत, म्हणजे हा इथेच राहील, असं तिला मनातल्या मनात वाटायचं आणि असं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटायची. घेतलं तर चार वर्षं गेला म्हणून समजा.

तर झालं काय, परीक्षेच्या तीन आठवडे आधी लंबूच्या व्हायोलिनची वरची फळी कडेने सुटली. फळी पूर्ण काढून पुन्हा चिकटवायची होती. या कामात बाबांचा एक नियम होता. व्हायोलिनचं पोट बंद करण्याआधी आतल्या लाकडावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचं, आणि एक कप चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं. का, तर आत कुणी बसलं असेल तर त्याला निघून जाता यावं. कुणी म्हणजे कोण, हे बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या गुरूने सांगितलं म्हणून ते करायचे, ते करतात म्हणून ठिणगी करायची. त्या दिवशी बाबा लाकूड आणायला गेले होते, आणि लंबू मदत करतो म्हणून शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या बाहीला धुतलेल्या कपड्याचा वास होता. ठिणगीने सरस लावला, फळी बसवली, त्याने शिकंजे धरले, तिने आवळले. ठोकायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी लंबूने त्या व्हायोलिनवर गज ओढला, आणि पुढच्या काउंटरवर सुटे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मोजायचं थांबलं.

काय वाजलं ते! आतून दुसरंच कुणीतरी सुरात सूर मिसळत होतं. बाबांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. लंबूचं तोंड तर उघडंच्या उघडं. ठिणगीला वाटलं, वा, काय फळी बसवलीय मी. ही शाबासकी तिने स्वतःला दिली ती जेमतेम अर्धा दिवस टिकली.

कारण दुसऱ्या दिवसापासून लंबू कामातून गेला. यायचा, बसायचा, वाजवायचा. बोलणं बंद. ती काही विचारायची तर हा 'हं' म्हणायचा, तेही व्हायोलिनकडे बघून. स्वतःच्या रुमालाने तिला पुसायचा. हो, तिला! व्हायोलिनला हा पठ्ठ्या चक्क 'ही' म्हणायला लागला. "हिला आज ऊन लागलं," म्हणे. "ही आज खुशीत आहे." ठिणगीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवा शर्ट घालून ती दोनदा त्याच्यासमोरून गेली, तर तो म्हणाला, "जरा बाजूला हो ना, हिच्यावर सावली पडतेय."

रस्त्यावर लोक ऐकायला थांबायला लागले. लंबू वाजवताना डोळे मिटायचा आणि हसायचा. ठिणगीकडे बघून तो असा कधी हसला नव्हता. ती रात्री कूस बदलत पडायची आणि सकाळी कुणाच्यातरी व्हायोलिनच्या खुंट्या इतक्या जोरात पिळायची की तार तुटायची. आठवड्यात पाच तारा तुटल्या. बाबा म्हणाले, "बाळ, काय बिनसलंय?" ती म्हणाली, "काही नाही." कान लालभडक.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा लंबू सकाळीच आला. "आत काहीतरी खरखरतंय. बघशील? मी परीक्षेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढून येतो. आणि हे बघ, हिला जपून हाताळ."

"हो, हिला जपून हाताळते," ठिणगी म्हणाली. लंबूला त्यातला टोमणा कळला नाही. आजकाल त्याला काहीच कळत नव्हतं.

बाबा पुढे काउंटरवर होते. ठिणगीने दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला काडीवरचा छोटा आरसा घेतला, व्हायोलिनच्या पोटावरच्या वळणदार भोकातून आत सरकवला, बारीक दिवा लावला आणि पाहिलं. आत फळीला आधार देणारी एक काठी असते. त्या काठीला टेकून एक बोटाएवढी बाई बसली होती. पंख होते. एक पंख फळीला घासत होता, तीच ती खरखर.

आणि दिसायला सुंदर. असायचीच. कुरूप असती तर ठिणगीचं नशीब कसलं!

"दिवा खाली कर," परी म्हणाली. "डोळ्यांत जातोय."

ठिणगीने दिवा खाली केला नाही, दोन आठवड्यांचा राग भीतीपेक्षा मोठा होता. "तू आहेस होय ती," ती म्हणाली.

"आणि तू ती. ठोकलं नाहीस तू. मी उघड्या लाकडात झोपले होते. जाग आली तेव्हा छप्पर होतं, आणि या भोकातून पंख मावत नाहीत."

"मग त्याच्याबरोबर गात का बसलीस दोन आठवडे? बरी मजा वाटली."

"मजा?" परीने नाक उडवलं. "वर गज फिरला की इथे सगळं हादरतं. गायलं की ते हादरणं सोसतं. नाही गायलं तर पंख दुखतात. तू आत बसून बघ एकदा."

"त्याच्यासाठी नाही गात?"

"कुणासाठी?"

"तो. वाजवणारा. उंच आहे. डोळे..." ठिणगी थांबली. डोळ्यांबद्दल काय सांगणार, आणि हिला का सांगणार?

"मला आतून फक्त हनुवटीचं ओझं कळतं," परी म्हणाली. "जड आहे."

हे ऐकून ठिणगीचा मत्सर निवायला हवा होता. उलट भडकला. हिला तो ठाऊकसुद्धा नाही, आणि तो हिच्यापायी खाणंपिणं विसरलाय! इकडे जी नऊ वर्षांची असल्यापासून त्याची सांडलवंड आवरतेय तिला 'बाजूला हो'.

"उघड," परी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "पंख वाळायला लागलेत. अजून दोनतीन दिवस, मग खरखरही होणार नाही."

ठिणगी पातळ सुरी घेऊन बसली आणि सुरी तशीच हातात राहिली. उघडलं की आवाज गेला, हे तिला स्वच्छ कळत होतं. आवाज गेला की लंबू पुन्हा ठीकठाक. ठीकठाकाला घेत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? म्हणजे त्याची परीक्षा ती आपल्या हाताने बुडवणार. पण न उघडावं तर आत एक जीव मरणार. आणि खरं सांगायचं तर, ती बिचारी मरेल हे तिच्या मनात नंतर आलं होतं. आधी आलं होतं ते हे, की ही जाईल, तो नापास होईल आणि इथे राहील, माझ्याजवळ. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःची किळस आली. तरी तिने सुरी फळीच्या सांध्यात घातली.

अर्धा तास लागला. फळी वर आली तशी परी चढून बाकावर आली, भुग्यात बसली आणि चुरगळलेले पंख हाताने सरळ करत राहिली. मग तिने ठिणगीकडे नीट पाहिलं.

"तू मला सोडलंस की हाकललंस?"

"दोन्ही," ठिणगी म्हणाली.

"मला काय, बाहेर आले," परी म्हणाली आणि खिडकीतून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही तिने.

लंबू फोटो काढून आला तेव्हा व्हायोलिनचं पोट उघडं पडलं होतं. त्याचा चेहरा पांढरा झाला.

सरस दमट झाला होता, असं ठिणगी सांगू शकली असती. बाबांनीही मान डोलावली असती. पण तिने सगळं सांगितलं. ठोकायचं राहिलं, आत परी होती, मरायला टेकली होती, म्हणून उघडलं. आणि सांगायचंच तर सगळंच, म्हणून तेही सांगितलं. "आणि मी जळत होते."

परीवर लंबूचा विश्वास बसला नाही. जळण्यावर लगेच बसला.

"मला माहीत होतं," तो हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "गेल्या वर्षी तुला घेतलं नाही, म्हणून आता मलाही घेऊ नये. वर्षभर बघतोय मी. मी वाजवायला लागलो की तुझं तोंड उतरतं."

हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. वाजवण्यावर जळतेय असं वाटलं याला! खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण तो निघून गेला होता.

तिने फळी चिकटवली. तीनदा ठोकून, थांबून, रडत. चहाचा कप तसाच गार झाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी लंबू खांद्याला बॅग लावून व्हायोलिन न्यायला आला. पाचची बस होती. बाबांनी वाजवून बघ म्हटल्यावर त्याने वाजवलं. ठीकठाक. मध्येच घसरला, ताल सुटला. बाबा म्हणाले, "बरं बोलतंय." लंबूने व्हायोलिन पेटीत घातलं, बाबांच्या पाया पडावं की नाही अशा घोटाळ्यात अर्धवट वाकला आणि बाहेर पडला. ठिणगीकडे बघितलं नाही.

ती स्टॉपपर्यंत त्याच्या मागे धावत गेली. अंगात भुग्याने भरलेला एप्रन तसाच.

"ऐक. मी तुझ्या वाजवण्यावर कधीच जळले नाही," धापा टाकत ती म्हणाली. "तिच्यावर जळले. तू तिला रुमालाने पुसायचास म्हणून. तू तिच्याकडे बघून हसायचास म्हणून. मला तू हवा आहेस, समजलं? वाजव, नको वाजवू, पास हो, नापास हो. एवढंच होतं. आता जा."

लंबू पेटी छातीशी धरून उभा राहिला. मग म्हणाला, "अगं, मग मी वर्षभर कशाला केलं ते?"

"काय केलंस?"

"तुझ्यासमोर वाईट वाजवत होतो. मुद्दाम." तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "तुला घेतलं नाही तेव्हापासून. वाटलं, मी चांगलं वाजवलं तर तुला लागेल. म्हणून चुकायचो. घरी नीट वाजवायचो, इथे येऊन चुकायचो. हे दोन आठवडे चुकायला गेलो तरी चूक होईना. बरं वाटलं गं मला. म्हटलं, सुटलो, आता तुझ्यापुढे लपवायला नको. आणि तू तर आणखीच फुगून बसलीस."

ठिणगीचे कान पेटले. वर्षभर! वर्षभर हा गाढव तिची कीव करत होता, आणि ती याला ठीकठाक समजत होती. आणि परीचा आवाज गेला म्हणून तीन रात्री उशी भिजवत होती. त्याला धरून हाणावं की मिठी मारावी ते तिला कळेना.

"आणि आत्ता? दुकानात?"

"सवय," तो म्हणाला.

"काढ ते बाहेर. आणि खरं वाजव."

"बस येईल."

"येऊ दे."

त्याने पेटी बाकावर ठेवली, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि वाजवलं. आत कुणी नव्हतं. हे तिच्याइतकं खात्रीने कुणी सांगू शकलं नसतं, तिने स्वतः ठोकून बघितलं होतं. तरी स्टॉपवरची माणसं बोलायची थांबली. ते परीसारखं नव्हतं. लंबूचंच होतं, सरळ, न लाजणारं, आणि पुढचा सूर कुठे पडणार ते तिला दरवेळी अगदी थोडं उशिरा कळत होतं. गेल्या वर्षी ती त्या सत्तर जणांत बसली होती, सहाजणांना तिने ऐकलं होतं. या पोराला ते घेणार. परी असो वा नसो, घेणारच होते. म्हणजे चार वर्षं.

बस कोपऱ्यावरून वळली. लंबूने ती पाहिली आणि गज तारांवरून उचलला. त्याचे डोळे ठिणगीवर होते आणि तो हसत होता, डोळे न मिटता.

ती म्हणाली, "थांबू नकोस. पूर्ण वाजव," आणि बस थांबवायला हात दाखवत रस्त्यावर उतरली.