एकशे त्रेचाळिसावी फेरी

नारिंगी स्पंजचा तो बोंडाएवढा तुकडा चिमटीत वळून वळून वातीसारखा बारीक झाला होता, आणि आता चटकन कोयच्या कानात सरकवला नाही तर पुन्हा फुगून बसणार हे डेल्फियाला ठाऊक होतं, तरी तिचा हात उचलेना. दोन्ही कानांत स्पंज बसले की कोयला काही ऐकू आलं नसतं. मग इथेच, त्याच्या शेजारी बसून, रॉइसला सांगता आलं असतं. पण नवऱ्याचे कान आपल्याच हातांनी बंद करायचे आणि त्याच्या मांडीला मांडी लावून त्याचं ते एकुलतं एक... नको. तसं नको. तिने चिमूट सोडली. स्पंज तळहातावर सावकाश, आळस दिल्यासारखा, फुगत गेला.

"घालतेस ना?" कोय म्हणाला.

"गाड्या कुठे सुटल्यात अजून."

दुपारचा एक वाजला होता. स्लेट क्रीकच्या ट्रॅकवरची ही शेवटची मोटारशर्यत होती. सोमवारी कुंपण निघणार, डांबर उखडणार, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इथे गोदामं उभी राहणार. अर्ध्या मैलाचं ते काळं कडं, त्याच्याभोवती ऊन खाऊन करडे झालेले लाकडी बाक, बाकांवर कशीबशी चारशे माणसं. कापडगिरणीतून सुटलेली माणसं डबे घेऊन सरळ इथे यायची तेव्हा... तेव्हा बसायला जागा नसायची, माणसं मागच्या पाइनच्या झाडांवर चढून बसायची, आणि छत्तीस गाड्या एकदम सुटल्या की बाकाखालची जमीन थरथरायची. ती थरथर पोटात उतरायची. लॉनी पोटात होता तेव्हा तो त्या थरथरीला लाथ मारून उत्तर द्यायचा. कोयला हे सांगितलं की तो म्हणायचा, ड्रायव्हर आहे माझा. लॉनी पुढे दातांचा डॉक्टर झाला.

रॉइस टटल कठड्याला धरून एकेक पायरी चढत होता. काखेत उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. उजव्या हाताला तीनच बोटं. दोन फर्निचरच्या कारखान्यातल्या करवतीने नेली. मंगळवारी तो टेक्ससला मुलीकडे कायमचा जाणार होता. म्हणजे आजच. आज नाही तर नाहीच. गेले आठ दिवस तिने भांडी घासताना, चर्चमध्ये, कोयच्या शर्टाची बटणं लावताना, तेच एक वाक्य मनात घोळवलं होतं, आणि दर वेळी ते तोंडाशी येईपर्यंत लहान लहान होत गेलं होतं.

"सरक गं डेल्फी. शेवटच्या दिवशी तरी बऱ्या जागी बसू दे." रॉइस धापा टाकत बसला. मग वाकून कोयकडे बघत म्हणाला, "काय रे, ओळखतोस का मला?"

"न ओळखायला काय झालं? रोज गाडीच्या आरशात दिसायचास. मागे."

रॉइस खोकेपर्यंत हसला. डेल्फियाही हसली, पण अर्धवटच. कारण आज सकाळीच कोयने विचारलं होतं, आपल्याला मुलं किती? एक, असं सांगितल्यावर त्याने मान हलवली होती, दुसऱ्याच कुणाच्या मुलाविषयी ऐकावं तशी. त्याच्या डोक्यातून सगळं गळून चाललं होतं. राहिला होता तो आरसा, त्यात मागे पडलेला रॉइस, आणि एकोणसत्तर सालची ती दोनशे फेऱ्यांची शर्यत – अर्ध्या गाडीच्या अंतराने जिंकलेली, आयुष्यातली एकमेव.

"नऊ गाड्या," रॉइस म्हणाला. "मोजून आलो. आणि नऊच्या नऊ एकाच दुकानातून विकत आणलेल्या. आपण भंगारातून गाडी उभी करायचो. ह्या आता प्रेतयात्रेसारख्या एकामागून एक जाणार बघ. कुणी कुणाला ओलांडत नाही. ओलांडायचं कसं, सगळ्यांचा जीव सारखाच."

"आम्ही ओलांडायचो," कोय म्हणाला.

"तू नाही रे बाबा. तू भिंतीला घासत जायचास."

खालून ब्रँडी वर आली – गेटावर तिकिटं फाडणारी, तिशीची, उन्हाने नाक सोललेली. "मिस डेल्फी, मिस्टर कोयना नेऊ का? जुन्या विजेत्यांना उघड्या ट्रकमधून एक चक्कर मारून आणायचं आहे."

"सांभाळून ने गं. उभा राहील तो."

"राहू देत की. मी गायीच्या चालीने चालवते."

ब्रँडीच्या दंडाला धरून कोय उतरत गेला, मध्येच थांबून अनोळखी माणसांना हात करत. त्याची पाठ लहान दिसू लागली. आता. आता बोल, डेल्फिया... चौपन्न वर्षं.

आता प्रत्येक गाडीच्या पोटाला एक डबी असते, ती आपली आपण फेऱ्या मोजते. तेव्हा आम्ही मोजायचो. ड्रायव्हरांच्या बायका, बहिणी; माझ्या शेजारी रॉइसची बायको आयना. वरच्या फळ्यांवर ओळीने, समोर मोठं घड्याळ, मांडीवर कागद. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळातली वेळ लिहायची. एका बाईला एक गाडी. दुसऱ्या गाडीकडे बघायचं नाही. बघितलं की आपली चुकलीच. एकशे बेचाळीस वेळा मी बघितलं आणि लिहिलं. मग तिसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींवर चढल्या, धूर आला, सगळ्या बाया उभ्या राहिल्या, आणि मी मागे वळले, कारण तीन वर्षांचा लॉनी बाकाखालून दिसेना. एक श्वास, दोन श्वास... तो सापडला, मी फिरले, तर समोर नुसता धूर. कागदावर रिकामी ओळ. अशी ओळ राहिली की अंदाजाने भरायची, सगळ्याच भरायच्या, मी भरली. एकशे त्रेचाळीस.

संध्याकाळी मोरीशी हात धूत कोय सहज म्हणाला, धुराच्या वेळी मी आख्खी फेरी थांबून होतो, चाकाचा नट निघेना... तरी जिंकलो बघ. तव्यावर अंडी होती. चषक टेबलावर होता. मी अंडी उलटली.

आठवड्याने शार्लटहून मोठ्या शर्यतींत गाड्या उतरवणारा मालक आला, त्याला जिंकणारा माणूस हवा होता. तो कोयला घेऊन गेला, सहा शर्यतींनी परत पाठवलं. रॉइस एकतीस वर्षं खुर्च्यांचे पाय कापत राहिला.

"रॉइस," ती म्हणाली. "एकोणसत्तरची शर्यत कोयची नव्हती. एक फेरी मी न बघता लिहिली. धुराच्या वेळची. तो तेव्हा थांबलेला होता, टायर बदलत. शर्यत तुझी होती."

सांगून झालं. इतकंसंच होतं. खाली ट्रक निघाला होता, आणि लाउडस्पीकर खरखरत होता.

रॉइसने शेंग दातांनी सोलली, टरफल पायाशी टाकलं. "हं," तो म्हणाला. त्याने दुसरी शेंग सोलली. मग म्हणाला, "माझी कशी असेल? मी त्या धुरात गवतावर गरकन फिरलो. इंजिन बंद. माझीही फेरी गेली."

"पण आयनाच्या कागदावर..."

"आयनाने तुझ्या कागदात बघून लिहिलं. तिला वाटलं, डेल्फी बघते आहे ना." तो हसला. "वारली त्या फेब्रुवारीत सांगितलं मला. म्हणाली, डेल्फीच्या कानावर घाल. मी म्हटलं, असू दे. कोयला एकच मिळालंय, ते काढून ठेवायचं कुठे?"

"मग जिंकलं कोण?"

"तिसरा आला तो. व्हर्जिनियाचा. हिरवी गाडी... काय बरं नाव त्याचं? पुन्हा आलाच नाही कधी." त्याने पिशवी पुढे केली. "घे, शेंगा घे. चांगल्या खारट आहेत."

तिने एक घेतली. रॉइसला गंमत वाटत होती, आणि त्याची गंमत खरी होती. त्याचं ओझं कधीच उतरलं होतं, किंवा कधी नव्हतंच. तिचंही आता उतरायला हवं होतं. ज्याचं घेतलं असं चौपन्न वर्षं वाटलं, त्याचं काही घेतलंच नव्हतं. पण हलकं काही वाटेना. उलट पायाखालची फळी निघाल्यासारखं... कारण हिरवी गाडी म्हटल्याबरोबर तेव्हा बाकाच्या टोकाला बसून फेऱ्या मोजणारी ती बाई डोळ्यांपुढे आली.

किडकिडीत, पिवळा फ्रॉक, एक बटण तेवढं पांढरं. शर्यत संपल्यावर ती कागद घेऊन मुख्य मोजणीदाराच्या टेबलाशी आली होती. माझ्या नवऱ्याच्या फेऱ्या जास्त आहेत, म्हणाली. करंगळीला पेन्सिलीची काजळी. मोजणीदाराने माझ्याकडे बघितलं: डेल्फी, तू बघितलंस ना? आणि मी... कोय थांबला होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, खरंच नव्हतं, पण मी बघितलं नाही हे तर माहीत होतं. बघितलं, मी म्हणाले. आयनाने मान हलवली. साऱ्याच जणींनी हलवली. वर मी त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू नवी आहेस, बाई. होईल सवय.

तो खांदा हाताला लागला होता. हाड होतं नुसतं. इतकी वर्षं मी रॉइसच्या बोटांकडे बघून रडले, रात्री देवाजवळ रॉइसचं नाव घेतलं. ती बाई एकदाही मनात आली नाही. एकदाही.

ब्रँडीने कोयला परत आणून बसवलं. त्याचे गाल लाल झाले होते, डोळे ओलसर.

"ऐकलंस का?" तो म्हणाला. "नाव घेतलं त्यांनी माझं. पूर्ण. अगदी बरोबर."

"ऐकलं," ती म्हणाली, आणि तिने काहीच ऐकलं नव्हतं.

"मग? जिंकलो ना आपण?"

रॉइस दुसरीकडे बघू लागला. डेल्फियाने कोयच्या कॉलरवरची धूळ झटकली, आणि झटकून झाल्यावरही हात तिथेच राहिला. खाली नऊ इंजिनं एकदम सुरू झाली. कोयचे ओठ हलत राहिले, त्याचा प्रश्न आवाजात बुडाला, आणि ती नुसती मान हलवत राहिली... मान हलवता हलवता शोधत राहिली. पांढरं बटण आठवत होतं, काजळी आठवत होती, केसांना बांधलेली दोरीसुद्धा. नाव मात्र नाही. टेबलाशी उभी राहून तिने ते सांगितलं होतं, स्वतःचं आणि नवऱ्याचं.

मोजणीदाराने नीट ऐकलं नाही म्हणून दोनदा सांगितलं होतं.