पहिली तीन गाणी

तपासणीवाल्या बाईने पिशवीत हात घातला आणि आतून एक घडीचं स्टूल ओढून काढलं.

"हे काय?"

"स्टूल," फोटोबाई म्हणाल्या. "माझी उंची बघताय ना? त्यावर चढल्याशिवाय मला मागची रांग दिसत नाही."

"कसली रांग?"

फोटोबाईंनी जीभ चावली. एकतीस वर्षं शाळाशाळांतून वर्गांचे फोटो काढणाऱ्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार? पुढची रांग बसलेली, मधली उभी, मागची बाकावर चढवलेली. या तीन रांगांतच त्यांचा जन्म गेला होता. पोरं त्यांना फोटोबाई म्हणायची, मग शिक्षक म्हणू लागले, आणि आता घरीदारी तेच नाव चिकटलं होतं.

तपासणीवालीने भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. स्टूल नाही, तिपाई नाही, फ्लॅश नाही. लेन्स बदलता येणारा कॅमेरा फक्त पासवाल्यांनाच. फोटो पहिल्या तीन गाण्यांचेच काढायचे, तिसरं संपलं की बाहेर. कलाकाराला हाका मारायच्या नाहीत, खाणाखुणा करायच्या नाहीत.

"हाका कोण मारतंय!" फोटोबाई म्हणाल्या, आणि स्टूल, तिपाई, फ्लॅश असा सगळा संसार त्यांनी सामान ठेवायच्या खिडकीत जमा केला. गळ्यात नुसता कॅमेरा उरला. दंडाला पासाची चिकटपट्टी लावून घेतल्यावर त्यांनी ती नीट बसलीय ना, हे दोनदा दाबून बघितलं.

हा पास भाचीने मिळवून दिला होता. भाची एका वर्तमानपत्रात होती. तिथल्या फोटोग्राफरचा पाय मोडला, तेव्हा तिने साहेबांच्या मागे लागून लागून मावशीचं नाव पुढे केलं होतं. "शाळेचे फोटो काढणारी?" असं म्हणून साहेब आधी हसले होते म्हणे. मग म्हणाले, ठीक आहे, पण एका अटीवर.

आजची गायिका डोळे मिटून गायची. गाणं सुरू झालं की पापण्या खाली, ते संपेपर्यंत. दोन गाण्यांच्या मध्ये पाठ करून पाणी प्यायची. तिचा उघड्या डोळ्यांचा, चालू कार्यक्रमातला एकही फोटो आजवर कुणाला मिळालेला नव्हता.

"तेवढा एक आण, मावशी," भाची म्हणाली होती. "आणलास तर रविवारच्या पुरवणीचं पहिलं पान तुझं. आणि पुढचे सगळे कार्यक्रमही तुझेच. साहेबांनी शब्द दिलाय."

पुढचे सगळे कार्यक्रम! फोटोबाईंना त्या रात्री झोप लागली नव्हती. शाळांचं काम या वर्षी कमी झालं होतं, ते खरं. दोन शाळांनी सरळ सांगितलं, की आता आमचेच शिक्षक मोबाइलवर काढतात. पण खरी गोष्ट निराळीच होती. एकतीस वर्षं त्या माणसांना "हलू नका" सांगत आल्या होत्या, आणि अलीकडे त्यांना हलणाऱ्या माणसांची भारी ओढ लागली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं, लोक हसले असते.

रंगमंच आणि प्रेक्षकांचा कठडा यांच्यामध्ये एक चिंचोळी गल्ली होती. तिथे दहा जण आधीच दाटीवाटीने उभे होते. सगळे काळ्या कपड्यांत. फोटोबाई मात्र झेंडूसारख्या पिवळ्याधमक. त्यांना वाटलं होतं, एवढा मोठा कार्यक्रम, चांगलं काहीतरी घालावं. शेजारच्या माणसाच्या कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स होती. बाकीचे त्याला दुर्बीण म्हणत होते.

"नवीन?" दुर्बीणने विचारलं.

"नवीन कसली? एकतीस वर्षं झाली मला."

"इथे म्हणतोय मी."

"हो," फोटोबाईंनी कबूल केलं. "इथे अगदी कोरी आहे."

तो हसला. "मग ऐका. सरकत राहायचं. मध्ये ठाण मांडायचं नाही. आणि डोळ्यांची आशा सोडा. नऊ वर्षं मी हिच्या मागे आहे. पापण्या तेवढ्या पाठ झाल्यात माझ्या."

दिवे गेले. मागे हजारो माणसं एकदम ओरडली आणि ढोलाचा पहिला ठोका फोटोबाईंच्या छातीतच बसला. अगं बाई! त्या मोठ्याने म्हणाल्या, पण स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला नाही.

पहिल्या गाण्यात त्यांनी चाळीस फोटो काढले आणि चाळीसही वाया गेले. कुठे नुसता लाल पट्टा, कुठे अर्धा कोपर. गायिका डावीकडे आहे म्हणेपर्यंत उजवीकडे असायची. जन्मात पहिल्यांदाच समोरचं माणूस त्यांचं ऐकत नव्हतं, आणि फोटोबाईंना त्याची अशी काही मजा वाटली, की त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पट्टे बघत खदखदा हसत सुटल्या.

दुसऱ्या गाण्यात त्यांनी ठेका धरला. चौथ्या ठोक्याला ती मान झटकते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग चौथ्याच्या किंचित आधी बोट दाबायचं! आला, हवेत पसरलेल्या केसांचा फोटो आला. ड्रमवाल्याच्या हातातली काठी उडाली, ती वरच्या वर टिपली. कुणीतरी कोपर मारलं, त्यांनी उलट मारलं, माफी मागितली आणि पुन्हा मारलं. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. आपण छप्पन्न वर्षांच्या आहोत, हे त्या साफ विसरून गेल्या.

तिसरं गाणं संथ निघालं. गायिका चालत पुढे आली आणि रंगमंचाच्या अगदी कडेला, फोटोबाईंपासून दोन हातांवर उभी राहिली. अकराच्या अकरा कॅमेरे तिच्यावर रोखलेले. ती गात राहिली, डोळे मिटूनच. फोटोबाईंनी श्वास धरला. उघड गं, एकदा उघड. कडवं संपलं, दुसरं संपलं. गाणंही संपलं, आणि ती पाठ वळवून पाण्याच्या बाटलीकडे गेली.

गल्लीच्या टोकाचा सुरक्षारक्षक उठला. "चला, झाली तीन!"

टाळ्या विरत आल्या होत्या. गायिका पाणी पिऊन वळली, पण खाली बघत. माइकची वायर तिच्या पायात अडकली होती आणि ती मान खाली घालून सोडवत होती. आता वर बघेल, मग डोळे मिटेल आणि संपलं सगळं. वेळ होता तो एवढाच. आणि त्या क्षणी, सगळं सभागृह गप्प असताना, फोटोबाईंच्या पोटातून तो आवाज आला. एकतीस वर्षं मैदानंच्या मैदानं गप्प करणारा.

"ए, इकडे बघा सगळ्यांनी! हात खाली, मान सरळ!"

पहिल्या चार रांगांतले लोक ताठ झाले. एका दाढीवाल्याने मोबाइल खिशात टाकून सदरा खाली ओढला. सुरक्षारक्षकाचा हात आपसूक टोपीकडे गेला. आणि रंगमंचावर, जिच्या नावावर ही सगळी गर्दी जमली होती त्या बाईने वायर सोडून दिली, टाचा जुळवल्या, माइकसकट दोन्ही हात अंगालगत खाली घेतले आणि मान वर केली. डोळे टक्क उघडे. तिसरीतल्या मुलीसारखे, जरासे भेदरलेले, फोटो चांगला यावा म्हणून जिवाचा आटापिटा करणारे.

दहा कॅमेरे एकदम तडतडले.

अकरावा तडतडला नाही. वर्गाचा फोटो काढताना फोटोबाईंचा कॅमेरा तिपाईवर असायचा, आणि त्या बाजूला उभ्या असायच्या, पोरांकडे बघत, हातात कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरचं बटण घेऊन. आत्ताही त्या तशाच कॅमेऱ्यामागून बाहेर आल्या होत्या. कॅमेरा गळ्यात लोंबत होता. उजवा हात पुढे होता आणि अंगठा हवेतच दाबला गेला होता. त्यांनी त्या अंगठ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

वर गायिकेच्याही लक्षात आलं, आपण कुणाचं ऐकून अशा ताठ उभ्या राहिलो ते. ती आधी लाजली, मग खो खो हसली आणि माइक तोंडाशी नेऊन म्हणाली, "हो, बाई!"

सगळं सभागृह हास्याने फुटलं. चौथं गाणं सुरू झालं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, आणि सुरक्षारक्षक फोटोबाईंच्या दंडावरची चिकटपट्टी काढत होता.

"बाई, नियम आहे," तो अवघडून म्हणाला. "कलाकाराला हाक मारली तर पास जातो."

"बरोबर आहे तुमचं," फोटोबाई म्हणाल्या. नियम त्यांना मान्यच होता.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात त्या दहा जणांनी त्यांना गराडा घातला. कुणी हात हातात घेतला, कुणी पाठ थोपटली. एका मुलीने तर मिठीच मारली. दुर्बीणच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं.

"नऊ वर्षं, बाई! नऊ वर्षं! तुमचा कसा आलाय? दाखवा बघू."

"माझा नाही आला."

"म्हणजे?"

फोटोबाईंनी अंगठा वर करून दाखवला आणि झालं ते सांगितलं. कुणीच हसलं नाही. या लोकांना फोटो हुकणं म्हणजे काय ते कळत होतं. आता मात्र फोटोबाईंनी हिशेब केला. पुरवणीचं पान गेलं, पुढचे कार्यक्रमही गेले. ज्या जागेत आज त्यांना तरणंताठं वाटलं, ती जागा गेली.

दुर्बीणने खाकरून हळूच म्हटलं, "माझे बारा आलेत. एक घ्या. तुमच्या नावाने छापा, मी कुणाला सांगायचा नाही. तुमच्यामुळेच तर आले."

फोटोबाईंनी कॅमेऱ्याचा पट्टा दोनदा बोटाला गुंडाळला आणि दोनदा सोडला.

"नको," त्या शेवटी म्हणाल्या. "बघू द्या फक्त."

त्याने पडदा पुढे धरला. फोटो सुरेखच होता. ताठ मान, खाली सोडलेले हात, मोठे डोळे. फोटोबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मिठी मारणाऱ्या मुलीनेही मान पुढे घातली आणि मग आपल्या कॅमेऱ्यातला फोटो उघडला. दुसऱ्याने आपला उघडला.

"गंमत बघा," मुलगी म्हणाली. "माझ्यात ती उजवीकडे बघतेय."

"माझ्यात डावीकडे."

"लेन्समध्ये कुणाच्याच नाही."

दहाही जण फोटोबाईंकडे बघू लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाची होती.

"मावशी! आलीस बाहेर? काय झालं? डोळे मिळाले?"

"उघडले तिने. टक्क उघडले!"

"खरंच?" भाची किंचाळली. "कुठे बघत होती? कॅमेऱ्यात?"

"नाही गं." फोटोबाईंनी भिंतीला हात टेकला. आतून ढोलाचे ठोके हातात जाणवत होते. "माझ्याकडे."

"मग पाठव ना लवकर! साहेब इथेच उभे आहेत."

"माझ्याकडे फोटो नाही. ज्यांचा आहे त्यांचा नंबर देते. त्यांच्याकडूनच घ्या आणि नाव त्यांचंच लावा."

पलीकडून भाचीने हळू आवाजात विचारलं, "मग साहेबांना काय सांगू गं?"

"सांग, माझा हुकला," फोटोबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चांगला चढला होता आणि व्हरांड्यातली दहा माणसं नकळत नीट उभी राहिली होती. "आणि विचार त्यांना, पुढचा कार्यक्रम कधी आहे."