क्षितिजाचा उजवा खांदा

मित्रांनो, मी बारा किलोंचा लोखंडी डंबेल. मेरठच्या एका कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग दिला, आणि सिद्धेश नावाच्या एका तरुणाने मला लखनौला, गोमती नगरमधल्या आपल्या घरी आणलं. तो मला एका हाताने सहज उचलायचा. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि मी वाऱ्याने आपटणारं दार अडवायला ठेवलेलं ओझं झालो. सहा वर्षं तशीच गेली. कुणाला ठेच लागली, तर तेवढ्यापुरती माझी आठवण व्हायची.

त्या घरात आता दोघीच उरल्या होत्या. सिद्धेशची मोठी बहीण क्षितिजा, ती बँकेत होती, आणि त्यांची आई नंदाताई. नंदाताई लग्न होऊन मिरजेहून लखनौला आल्या, त्याला चाळीस वर्षं झाली होती. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं चालणं थांबलं. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. एकदा दोन मजुरांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली. त्या पडल्या नाहीत, पण इतक्या घाबरल्या की पुन्हा कुणी जिन्याचा विषय काढला नाही.

तरी एक इच्छा होती.

"क्षिती, एकदा अमीनाबादच्या बाजारात जाऊन चिकनचं, त्या नाजूक भरतकामाचं कापड हाताने चाचपून घ्यायचंय गं. तू आणतेस ते चांगलंच असतं, पण..."

"मी नेईन तुला. मी स्वतः उचलून नेईन," क्षितिजा म्हणाली.

नंदाताईंचं वजन होतं त्रेचाळीस किलो. त्यांना पलंगावरून उचलताना क्षितिजाचा उजवा खांदा मधेच दगा द्यायचा. म्हणून तिने व्यायाम सुरू केला. उभं राहायचं आणि वजन डोक्यावर न्यायचं. दोन किलो झाले, पाच झाले, दहाही जमले. मग तिने मला दारापासून उचललं, आणि तिथेच गाडी अडली. मी तिच्या कानापर्यंत जायचो, की पुन्हा खाली. दोन महिने रोज हेच. आपण जड आहोत याचा मला पूर्वी फार अभिमान वाटायचा. त्या दोन महिन्यांत तो गेला.

वरच्या मजल्यावरची सलोनी जिममध्ये शिकवायची. एका रविवारी सकाळी तिने क्षितिजाचा व्यायाम नीट पाहिला.

"दीदी, आप कमर से चोरी कर रही हैं," ती म्हणाली. "ज़मीन पर बैठिए, पैर सामने सीधे. अब न कमर मदद करेगी, न घुटने. सिर्फ कंधा."

क्षितिजा आईच्या पलंगाशेजारी फरशीवर बसली. या नव्या बैठकीत तिला दहा किलोही जमेनात. पुन्हा पाचवर उतरावं लागलं. तिचा चेहरा रडवेला झाला.

"मग इतके महिने मी काय केलं, यार?"

"अगं, पाढा अडला की मागे जाऊन पुन्हा म्हणायचीस ना?" नंदाताई म्हणाल्या. "घे. मी मोजते."

रोज संध्याकाळी त्या मोजू लागल्या. सात आठवडे. आणि एका मंगळवारी क्षितिजाने मला उचललं. कानापाशी मी अडखळलो. मग इंचाइंचाने वर सरकलो, आणि तिचा हात सरळ झाला. "एक," नंदाताई म्हणाल्या. मग "दोन." "तीन" तर त्या जवळजवळ ओरडल्याच. येत्या रविवारी अमीनाबाद, असं ठरलं. कोणती साडी नेसायची, तेही ठरलं.

गुरुवारी दुपारी नंदाताईंना धाप लागली. ओठ निळे पडले. अँब्युलन्स आली, पण वर आणताना जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. माणसं खालीवर करत राहिली.

"हटिए भैया," क्षितिजा म्हणाली. तिने एक हात आईच्या पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं.

"खांदा दुखतोय का गं?" नंदाताईंनी कसंबसं विचारलं.

"नाही आई. जरासुद्धा नाही."

पलंगाखाली मला तेवढंच ऐकू आलं. मग दोन मजले उतरणारी तिची पावलं. ती कुठेही थांबली नाहीत.

दहा दिवसांनी क्षितिजा दवाखान्यातून एकटी परतली.

सलोनी येऊन तिच्याजवळ बसली. हळूच म्हणाली, "दीदी, हम चार लोग मिलकर आंटी को कब का उतार लेते. एकदम सँभालके. आपने कभी कहा ही नहीं."

"मुझे लगा, मैं ही..." क्षितिजा म्हणाली आणि रडू लागली.

त्यानंतर तिने मला हात लावलेला नाही. मी पलंगाखाली असतो. अंगावर धूळ आहे, मुठीपाशी गंज चढू लागला आहे. मित्रांनो, मला पुसा, मला तेल लावा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं गंजणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण तुमच्या घरात कुणी खिडकीतूनच रस्ता पाहत बसत असेल, तर तुमच्या एकट्याच्या अंगात बळ येईपर्यंत थांबू नका. उठा, आणि आजच शेजारच्या दाराची कडी वाजवा.