एक खलबत्ता, दोन घरं

मी खलबत्ता बोलतोय. आवाज जरा मोठा आहे, त्याला इलाज नाही. लोखंडाला कुजबुजता येत नाही.

माझा जन्म सत्त्याऐंशी साली जालन्याच्या एमआयडीसीत झाला. सळयांच्या कारखान्यात एक जाड शाफ्ट मोडला. तिथं कामाला असलेल्या धर्मराजनं फोरमनला विचारून त्याचा तुकडा मागून घेतला आणि लेथवाल्या दोस्ताकडून त्यातून खल आणि बत्ता करवून घेतला. म्हणजे मारणारा आणि मार खाणारा, दोन्ही एकाच लोखंडाचे. पुढं हीच गोष्ट समजायला माणसांना फार दिवस लागले.

सायकलच्या कॅरियरवर बसून मी घरी आलो. धर्मराजची बायको चतुराबाई मला पाहून हरखली. शेजारी दुर्गाबाई राहायची. पिंपळगाव रेणुकाईकडची, वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. दोन अंगणांच्या मध्ये फक्त एक पत्रा. चतुराबाईला मूलबाळ नव्हतं. दुर्गाबाईची लेक बेबीनंदा तिच्याच मांडीवर, माझ्यात कुटलेले दाणे-गूळ खाऊन वाढली.

बेबीनंदाचं लग्न ठरलं तेव्हा चतुराबाई म्हणाली, "अक्का, पोरीची बारावी तरी होऊ द्या."

दुर्गाबाईचं डोकं सटकलं. "तुला काय कळतंय गं लेकीचं? पोटची असती मंग कळलं असतं!"

त्या दिवसापासून बोलणं बंद. अक्काची 'दुर्गाबाई' झाली. बाया कुटताना काय काय बोलतात ते फक्त आम्हा खलबत्त्यांनाच माहीत. त्या वर्षी मिरचीबरोबर माझ्यात रोज दुर्गाबाईही कुटली जायची. माझ्या बुडाला भोक पडायचंच बाकी होतं.

पुढच्या वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामात, विहारात एक भंतेजी आले. ते म्हणाले, "सगळ्यांचं भलं मागा. डोळे मिटून बसायलाच पाहिजे असं नाही, हातातलं काम करता करता मागा." चतुराबाईनं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी धने कुटताना सुरू. "सगळ्यांचं भलं होवो." धाड्. "सगळे सुखी राहोत." धाड्. "एक दुर्गाबाई सोडून." धाड्!

बाई प्रामाणिक. तिनं हेही भंतेजींना सांगून टाकलं. ते खळखळून हसले. "काटा टाचेत आणि तेल गुडघ्याला, असं कसं चालेल? तिच्यासाठी रोज एकच लहानसं काही मागा. पण खरं मागा."

पहिल्या दिवशी चार वेळा बत्ता उचलला, चार वेळा तसाच खाली ठेवला. शेवटी ती कशीबशी बोलली, "दुर्गाबाईचा गुडघा बरा होवो. भांडायला उभी तरी राहील." दुसऱ्या दिवशी, "तिच्या नळाला पाणी येवो. माझ्यानंतर." भादव्यापर्यंत ही शेपटं एकेक करून गळाली आणि माझा आवाजही जरा मऊ झाला.

मग बेबीनंदा बाळंतपणाला माहेरी आली. पत्र्यापलीकडे तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, पण भेट नाही. आपल्याला बाळ दाखवायलाही कुणी बोलावणार नाही, हे चतुराबाई धरूनच चालली होती. एका सकाळी ती म्हणाली, "अक्काची लेक सुखरूप सुटो," आणि जिऱ्यात तिच्या डोळ्याचं पाणी पडलं.

एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. माझ्या आवाजावर आवाज काढायचा म्हणून ती ओरडून बोलायची. आणि रोज सकाळी पत्र्यापलीकडे कुणीतरी पाट सरकवून बसायचं.

मग चतुराबाईला ताप आला. दोन दिवस मी गप्प पडून होतो. तिसऱ्या सकाळी दार ढकलून, लंगडत, दुर्गाबाई आत आली.

"काय गं चतुरे? दोन दिस झाले, गुडघा नुसता ठणकून राह्यलाय. माझं नाव घ्यायचं बंद केलं का?"

चतुराबाई अंथरुणात उठून बसली. "तुम्ही ऐकत होत्या?"

"तू वरडून राह्यली, मंग मी काय कान कापून टाकू? पयल्या दिवशीचं बी बराबर ऐकलं. म्हणं भांडायला उभी राहील!"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता दुर्गाबाईला रडू फुटलं. "तव्हा माझी जीभ झडायला पाहिजे व्हती गं. बेबी रोज इचारती, मावशी कव्हा येणार? तुझ्या मांडीबिगर लेकरू ठिवायचं कुठं?"

"अक्का," एवढंच चतुराबाई म्हणाली.

बेबीच्या बाळंतपणाच्या लाडवांचा डिंक कुटायचा होता. जाताना दुर्गाबाईनं नुसता बत्ता उचलला.

"अक्का, खल राह्यला की."

"राहू दे. जड हाय, माझा गुडघा न्हाई ऐकायचा. मी कुटायला इथंच येईन. आन् तुला कुटायचं असंल तर बत्ता मागायला तू तिकडं यायचं."

तेव्हापासून मी दोन घरांत राहतो. बेबीनंदाची लेक चतुराबाईच्याच मांडीवर रांगायला शिकली. आता दोन्हीकडे मिक्सर आलेत, तरी लसूण माझ्यातच कुटतात. तुमच्याही घरी कोनाड्यात माझा एखादा भाऊ धूळ खात पडला असेल. त्याला भंगारात घालू नका. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांच्याकडे त्याचा अर्धा भाग ठेवून या.

बरं, आता आवरतो. पलीकडे पाट सरकला. बत्ता निघाला वाटतं.